एका पिढीचा ताम्रपट

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीची एक चपटी डबी बसवलेली असते. तिला पिकअप म्हणतात. ती उघडून पाहिली तर आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिसतात. वर ताणलेली पोलादी तार छेडली की ती थरथरते, चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांमध्ये एक क्षीण वीजप्रवाह जागा होतो. तोच प्रवाह पुढे ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि कर्ण्यातून गर्जना होऊन बाहेर पडतो. म्हणजे वादकाचं बोट आणि श्रोत्याचा कान यांच्यामध्ये तांबं उभं असतं. या प्रकरणात ज्या तबकडीविषयी लिहायचं आहे तिच्या बाबतीत ही गोष्ट आणखी एका अर्थाने खरी आहे. ती तबकडी ज्या देशात जन्मली, तो देशच तांब्यावर जगत होता.

१९७२ साली झांबियात 'विच' नावाच्या बँडची 'इंट्रोडक्शन' ही पहिली एलपी निघाली. झांबियात विक्रीसाठी आलेली ही पहिलीच एलपी, असं मानलं जातं. पाच तरुण, गिटारचा करकरीत आवाज, इंग्रजी शब्द आणि पायाला स्वस्थ बसू न देणारा ठेका. पुढे याच संगीताला 'झॅमरॉक' हे नाव मिळालं. पाच-सात वर्षं ते झांबियाच्या शहरांत घुमलं आणि मग असं विरलं की पुढची तीन दशकं देशाबाहेर त्याची कुणाला खबरही नव्हती. अशी विसरलेली तबकडी समोर आली की आपण नकळत एक हिशेब मांडतो : चांगली असती तर टिकली असती. काळ हा चाळणीसारखा असतो, फोल उडून जातं आणि सकस ते मागे राहतं, अशी आपली समजूत असते. 'इंट्रोडक्शन'ची कहाणी नीट पाहिली तर ही समजूत चुकीची ठरते, असं माझं म्हणणं आहे. एखादी कलाकृती विस्मृतीत जाणं हा तिच्या गुणांचा निकाल नसतो. ती कुठे जन्मली, तिच्या गावातून बाजारपेठेकडे जाणारा रस्ता किती दिवस उघडा राहिला, याचा तो निकाल असतो. ज्या तांब्याने ही तबकडी घडवली, त्याच तांब्याने ती गाडली.

झांबियाच्या उत्तरेला काँगोच्या सीमेलगत तांब्याच्या खाणींचा पट्टा आहे. त्याला 'कॉपरबेल्ट' असंच म्हणतात. किट्वे, न्डोला, चिंगोला, मुफुलिरा, लुआन्श्या ही तिथली खाणींभोवती वाढलेली शहरं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे दूरदूरच्या खेड्यांतून माणसं कामाला आली. वेगवेगळ्या भाषा बोलणारी ही माणसं खाणकामगारांच्या वस्त्यांत शेजारी शेजारी राहू लागली, महिनाअखेर त्यांच्या हातात रोख पगार पडू लागला आणि संध्याकाळी करमणूक हवीशी झाली. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात जे घडलं, त्याच्याशी हे बरंचसं मिळतंजुळतं आहे. १९४९ मध्ये इथल्या माणसांसाठी एक रेडिओ बाजारात आला. हॅरी फ्रँकलिन या ब्रिटिश अधिकाऱ्याने एव्हर रेडी या बॅटरी बनवणाऱ्या कंपनीकडून तो करवून घेतला होता. त्याचा पहिला नमुना चक्क स्वयंपाकाच्या पातेल्यात बसवला होता, म्हणून त्याचं नाव पडलं 'सॉसपॅन स्पेशल'. लुसाकाच्या नभोवाणी केंद्रावरून स्थानिक भाषांतले कार्यक्रम या गोल, पत्र्याच्या रेडिओवर ऐकू येऊ लागले. त्याच केंद्रावर काम करणारे ॲलिक न्काटा यांनी गिटारवर रचलेली गाणी घरोघरी पोचली. पन्नासच्या दशकात कॉपरबेल्टवर साध्या लाकडी गिटारी वाजवत गाणी रचणारे कितीतरी वादक होते. म्हणजे पुढे इलेक्ट्रिक गिटार तिथे आली ती ओसाड माळावर नाही. बोटांना गिटारची आणि कानांना रेडिओची सवय असलेल्या दुसऱ्या पिढीच्या हातात ती पडली.

२४ ऑक्टोबर १९६४ रोजी उत्तर ऱ्होडेशियाचा झांबिया झाला. त्या दिवशी देशातल्या आफ्रिकी पदवीधरांची संख्या शंभरच्या आसपास होती. वसाहतीच्या राजवटीने शाळांवर किती खर्च केला होता, हे या एका आकड्यावरून कळतं. पण जमिनीखाली तांबं होतं आणि त्याला भाव होता. साठच्या दशकाच्या अखेरीस झांबिया वर्षाला सुमारे सात लाख टन तांबं काढत होता. जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत त्याची गणना होत होती आणि देशाच्या निर्यातीच्या उत्पन्नात ९० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या तांब्याचा होता. अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी १९६९ मध्ये खाणींची ५१ टक्के मालकी सरकारकडे घेण्याची घोषणा केली. शाळा उघडल्या, १९६६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, शहरांत नोकऱ्या आल्या. परदेशी चलन होतं म्हणून गिटारी, ॲम्प्लिफायर आणि परदेशी तबकड्या देशात येऊ शकल्या. तिकीट काढून नाचायला येणारा तरुण श्रोताही होता. किट्वेच्या वाद्यवृंदांना प्रेक्षक मिळाला तो या पगारातून. रॉक संगीत ही खर्चिक कला आहे. तिला वीज लागते, यंत्रं लागतात आणि चैनीसाठी खिशात चार पैसे उरलेला श्रोता लागतो. साठोत्तरी झांबियात तांब्याने हे तिन्ही पुरवलं.

आता तबकडीकडे वळू. किट्वेच्या या बँडमध्ये गायक इमॅन्युएल 'जगारी' चांदा, मुख्य गिटारवर ख्रिस म्बेवे, साथीच्या गिटारवर जॉन मुमा, बेस गिटारवर गिडियन मुलेंगा आणि ड्रम्सवर बॉइडी सिंकाला. कानाला पहिल्यांदा जाणवतो तो म्बेवेच्या गिटारचा आवाज. तो गोड नाही. त्याला कडा आहेत, मधमाशांचं मोहोळ उठावं तशी घरघर आहे. हा आवाज फझ नावाच्या पेडलमधून येतो. सुराची लहर मुळात गोलसर चढ-उताराची असते. फझमधलं विजेचं मंडल ती लहर इतकी वाढवतं की तिचे माथे मर्यादेपलीकडे जातात आणि छाटले जातात. सह्याद्रीतल्या एखाद्या सुळक्याचा माथा कापून सपाट पठार करावं, तसं. छाटलेल्या माथ्यांमुळे मूळ सुरात नसलेले असंख्य वरचे उपसूर जन्मतात आणि स्वर चिरका, दाट व लांबलेला होतो. दुसरं पेडल वा-वा. ते पायाने दाबलं की सुराचा उजळ भाग वर सरकतो, सोडलं की खाली येतो, आणि गिटार तोंड उघडून बोलल्यासारखी वाटते. बँडचं नावच पायाखालच्या फूटस्विचवरून सुचलं, असं जगारींनी मुलाखतींत सांगितलं आहे. 'स्विच'मधला पहिला 'स' गळला आणि 'विच' उरलं. मग त्या अक्षरांना इंग्रजीत एक पूर्ण वाक्यही जोडलं गेलं. त्याचा अर्थ : आमचा धुमाकूळ घालायचा इरादा आहे. मात्र धुमाकूळ घालणाऱ्या या गिटारच्या खाली ड्रम्स आणि बेस काय करतात, ते मुद्दाम कान देऊन ऐकावं. त्या काळच्या इंग्लंड-अमेरिकेतल्या हार्ड रॉकमध्ये ताल बहुधा जड पावलांनी चालतो. इथे तो हलका आणि फिरता आहे, एकाच वळणाभोवती घोळत राहणारा आहे. वर वादळ आणि खाली नाच, अशी ही दुमजली रचना आहे आणि तबकडीचं खरं वेगळेपण तिच्यातच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो नकलेचा. गायकाने इंग्रज रॉक गायक मिक जॅगरवरून स्वतःला जगारी म्हणवून घेतलं, गिटारवर परदेशी तबकड्यांचा ठसा आहे, मग यात झांबियाचं ते काय, असा तो प्रश्न. प्रभाव नाकारण्याचं कारण नाही. पण 'जगारी' हा शब्द जवळून पाहावा. बेम्बा भाषेत शब्द व्यंजनावर थांबत नाही, शेवटी स्वर लागतो. 'जॅगर' त्या भाषेत शिरताना 'जगारी' झाला, म्हणजे परक्या शब्दाने घरच्या व्याकरणाचे कपडे घातले. 'प्लॅटून'ची 'पलटण' झाली आणि पोर्तुगीजांकडून आलेला 'पगार' आपल्या घरखर्चात इतका मुरला की तो परका आहे हे शिक्षकाने सांगावं लागतं. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही. युरोपातून आलेला पायपेटीचा ऑर्गन नाट्यसंगीतात बालगंधर्वांच्या गाण्यामागे उभा राहिला, तेव्हा तो युरोपचा उरला नव्हता. नक्कल आणि आत्मसात करणं यांतला फरक उगमात शोधून सापडत नाही. घेतलेल्या वस्तूला घेणाऱ्याने कोणत्या कामाला लावलं, ते बघावं लागतं. शिवाय जॅगरचा स्वतःचा उगम कुठला? त्याच्या बँडचं नाव मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय अमेरिकी ब्लूज गायकाच्या गाण्यावरून आलं आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वंशजांचं संगीत लंडनला गेलं, तिथून तबकडीवर बसून किट्वेला आलं. या फेऱ्यात मालक कोण आणि नकलाकार कोण, हे ठरवायचं तर फेरा कुठे तोडायचा हे आधी ठरवावं लागेल.

दुसरा आक्षेप भाषेचा. गाणी इंग्रजीत आहेत, म्हणजे ती शहरी, वरच्या थराची आणि मुळापासून तुटलेली, असं म्हटलं जातं. हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण मातृभाषेत न गाण्याने काहीतरी गमावलं जातं हे खरंच आहे. विचने स्वतःही पुढच्या काळात स्थानिक भाषेतली गाणी केली. पण १९७२ च्या झांबियात इंग्रजीचं स्थान काय होतं? देशात ७० हून अधिक जमाती होत्या आणि 'एक झांबिया, एक राष्ट्र' हे कौंडांचं घोषवाक्य होतं. कुण्या एका जमातीची भाषा वर चढू नये म्हणून स्वातंत्र्यानंतर इंग्रजी हीच राज्यकारभाराची आणि पहिलीपासूनच्या शिक्षणाची भाषा ठरवली गेली. हा निर्णय योग्य की अयोग्य, याची चर्चा करता येईल. पण त्या शाळांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीने इंग्रजीत गावं हे मुळापासून तुटणं नव्हतं. नव्या राष्ट्राने त्यांच्या हातात दिलेली ती सामाईक भाषा होती, आणि ज्या भाषेत देश स्वतःची ओळख करून देत होता, त्याच भाषेत या तरुणांनी आपली ओळख करून दिली. पहिल्या तबकडीचं नाव 'इंट्रोडक्शन', म्हणजे ओळख, असावं यात मला त्या काळाचा उमेदीचा सूर ऐकू येतो.

तिसरा आक्षेप असा की झॅमरॉक हे सरकारी आश्रयाचं रोपटं होतं. कौंडा स्वतः गिटार वाजवत आणि गात. सत्तरच्या दशकात त्यांनी नभोवाणीवरचं ९५ टक्के संगीत झांबियाचंच असावं असा आदेश दिला. त्याचा फायदा स्थानिक वादकांना झाला, यात शंका नाही. पण आदेशाने वेळ मिळतो, गाणी मिळत नाहीत. रेडिओची जागा भरून काढायला आधी वाजवणारे हात हवेत, आणि ते हात कॉपरबेल्टवर नाचाच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं तयार झाले होते. 'इंट्रोडक्शन' तर बँडने स्वतःच्या हिमतीवर काढली आणि कार्यक्रमांच्या ठिकाणी हातोहात विकली.

इथे आपल्या मुंबईचा दाखला उपयोगी पडतो, कारण त्याच वर्षांत इथेही फझ गिटारी वाजत होत्या. सिमला सिगारेटच्या नावाने इंपीरियल टोबॅको कंपनी 'सिमला बीट' स्पर्धा भरवत असे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतली गाणी एलपीवरही निघाली. मुंबईतला एक जोरकस बँड म्हणजे कीथ कांगा यांचा 'ॲटॉमिक फॉरेस्ट'. मराठी रंगभूमीवरचे ज्येष्ठ दिग्दर्शक-अभिनेते आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे काही काळ त्यात गात. भारतात तबकड्यांचे कारखाने होते, ध्वनिमुद्रणाच्या सोयी झांबियाच्या कितीतरी पुढे होत्या, गुणी वादकांचा तर सुकाळ होता. तरी या बँडची 'ऑब्सेशन' ही एकमेव एलपी निघाली ती त्याच्या आयुष्याच्या अखेरीस, आणि तिच्यात बरीचशी गाणी पाश्चात्त्य बँडांची होती. कारण उघड आहे. इथला सगळा बाजार चित्रपटसंगीताने व्यापलेला होता आणि रॉकसाठी तबकडी काढावी असं कंपन्यांना वाटत नव्हतं. किट्वेत कारखाना नव्हता पण वाट पाहणारा श्रोता होता. मुंबईत कारखाना होता पण वाट मोकळी नव्हती. दोन्हीकडे वादकांची कुवत हा प्रश्नच नव्हता. कुणाचा आवाज पुढच्या पिढीपर्यंत पोचतो, हे ठरतं ते वादक आणि श्रोता यांच्यामधल्या रस्त्यावर.

झांबियातला तो रस्ता फार लवकर बंद झाला. देशाला समुद्रकिनारा नाही. तांबं बाहेर पाठवायचं तर शेजाऱ्यांच्या रेल्वेवर भिस्त. दक्षिणेला ऱ्होडेशियात गोऱ्या अल्पसंख्याकांनी १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य पुकारलं होतं. कौंडा तिथल्या मुक्तिलढ्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९७३ च्या जानेवारीत ती सीमा बंद झाली. १९७५ मध्ये अंगोलातल्या यादवी युद्धामुळे पश्चिमेची बेंग्वेला रेल्वेही थांबली. त्याच सुमाराला तेल महागलं. व्हिनाइल हे तेलापासूनच बनतं, त्यामुळे तबकडीचा कच्चा मालही महागला. आणि मग मुख्य घाव बसला. १९७४ च्या वसंतात शिखरावर असलेला तांब्याचा भाव वर्षभरात निम्म्याहूनही खाली आला. ज्या देशाच्या परकीय चलनातले दहापैकी नऊ रुपये तांब्याचे, त्याच्यासाठी ही आपत्ती होती. नव्या तारा, नवे ॲम्प्लिफायर, नवे सुटे भाग येणं अवघड झालं. युद्धाच्या छायेत संचारबंदी आणि दिवे मालवण्याचे हुकूम आले आणि रात्रीचे कार्यक्रम भर दुपारी करावे लागले. अशा दिवसांतही विचने 'इन द पास्ट', 'लेझी बोन्स', 'लुकोंबो व्हाइब्ज' अशा तबकड्या काढल्या, ही गोष्ट त्यांच्या चिकाटीची साक्ष आहे. जगारींनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बँड सोडला आणि शिक्षकी पत्करली. पुढे ते रत्नांच्या खाणीतही राबले. मग एड्सची साथ आली आणि झॅमरॉकचे अनेक वादक तिने नेले. 'इंट्रोडक्शन'मधल्या पाच जणांपैकी जगारी तेवढे मागे राहिले.

एवढं सांगूनही शेवटचा आणि सर्वांत रास्त आक्षेप उरतो : ही सगळी कारणं मान्य, पण तबकडी मुळात चांगली आहे का? मोजक्या साधनांत केलेलं ध्वनिमुद्रण, कुठे डळमळणारा सूर, कुठे अपुरी वाटणारी रचना. ती आज आवडते ती दुर्मिळतेच्या मोहामुळे तर नाही? यातलं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. 'इंट्रोडक्शन' एकसंध उत्कृष्ट तबकडी नाही. १९७५ ची 'लेझी बोन्स' तिच्याहून अधिक परिपक्व आहे. पण ओबडधोबडपणाचे दोन प्रकार असतात, एक न जमल्यामुळे आलेला आणि दुसरा ठरवून आणलेला. फझचा करकराट हा दुसऱ्या प्रकारातला आहे, तो पायाने कळ दाबून निवडलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ब्लू चिअर' बँडने १९६८ च्या आपल्या पहिल्या तबकडीत असाच बेबंद कल्लोळ केला, तेव्हा इतिहासकारांनी त्यात पुढच्या हेवी मेटलची चाहूल ऐकली. जो गुण सॅन फ्रान्सिस्कोत साहस ठरतो, तो किट्वेत अडाणीपणा कसा ठरेल? मोजमापाची पट्टी दोन्हीकडे एकच हवी. दुर्मिळतेच्या मोहाविषयी म्हणाल, तर श्रीमंत देशांतल्या संग्राहकांनी गरीब देशांच्या कलेला चमत्कारिक वस्तू म्हणून मिरवावं, हा धोका खराच आहे. लॉस एंजेलिसच्या 'नाऊ अगेन' या कंपनीने ॲटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन' पुन्हा प्रकाशित केली आणि २०१२ मध्ये विचच्या तबकड्यांचा संचही काढला. पण पुढे जे घडलं ते जुन्या वस्तूंच्या कपाटात मावणारं नव्हतं. जगारी नव्या साथीदारांना घेऊन पुन्हा मंचावर उभे राहिले, युरोप-अमेरिकेत तरुण श्रोत्यांसमोर गायले, आणि २०२३ मध्ये 'झांगो' ही नवी तबकडी आली. निव्वळ दुर्मिळतेवर जगणारी वस्तू सहज मिळू लागली की तिची किंमत उतरते. इथे तबकडी सहज मिळू लागल्यावर श्रोते वाढले.

महाराष्ट्रात शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना ताम्रपट सापडल्याच्या घटना नव्या नाहीत. राष्ट्रकूटांचे, शिलाहारांचे कितीतरी दानलेख असे मातीतून वर आले. हजार वर्षं तो पत्रा कुणी वाचला नाही, म्हणून त्यावरचा मजकूर क्षुल्लक होता असं कुठलाही अभ्यासक म्हणत नाही. तो विचारतो : दान कुणी दिलं, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, सीमा कुठल्या? 'इंट्रोडक्शन'लाही हेच प्रश्न विचारायला हवेत. दिलं कॉपरबेल्टच्या पाच तरुणांनी, स्वातंत्र्याच्या आठव्या वर्षी, तांब्याला भाव असताना, सीमा बंद व्हायच्या आधी. अक्षरं कुठे वेडीवाकडी आहेत, कुठे ठोका जोरात बसला आहे. पण त्यांत एका नव्या देशातली पहिली शिकलेली पिढी, आपल्यालाही गर्जना करता येते हे पहिल्यांदा ऐकते आहे. तो आनंद करकरीत गिटारमधून आजही स्पष्ट वाचता येतो.